हातभर वर

कमलाबाईच्या ओंजळीत मी वरून पाणी ओतलं. चूक माझीच. दुसऱ्या कोणाची नाही.

अकोल्यातल्या आमच्या चाळीचे संडास साफ करायला ती यायची. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन मला आठ-नऊ वर्षं झाली होती. वैशाखातली दुपार. डोक्यावरची पाटी उतरवून ती दाराशी आली.

"बाबू, पानी पाजा जी."

मी तांब्या आणला. तिनं ओंजळ केली आणि माझा हात वर गेला. हातभर वर. तांब्याची कड तिच्या बोटांना लागू नये एवढा.

पाणी तिच्या कोपरांवरून ओघळत होतं. पिऊन झाल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं.

"तुमी बी वरूनच काय, बाबू?"

"पाणी भेटलं ना तुले? मंग?"

ती पाटी उचलून गेली. मी दारातच उभा. ते वाक्य माझं नव्हतं.

दीक्षेच्या कितीतरी आधी, पोरवयात, अमरावतीच्या एका कापसाच्या जिनात मी सरकीची पोती उचलायचो. कापसाच्या धुळीनं घसा चिकटायचा. आम्हाला रांजणाला शिवायची मनाई. दिवाणजी वरून पाणी ओतायचा. नाकातोंडात जायचं. बाकीचे हसायचे. एक दिवस मी घरून जर्मनचा गिलास नेला आणि पुढं धरला.

"पाणी भेटते ना तुले? मंग गिलास कायले पायजे? साहेब झाला का बे?"

"गिलासात द्या. नाई तं नोको."

दिलं नाही. दिवसभर कोरड्या घशानं पोती उचलली आणि संध्याकाळी काम सोडलं. पुन्हा कोणापुढं ओंजळ केली नाही.

पुढं शिकलो, कचेरीत कारकून झालो. विहारात वंदना आटोपली की लोक म्हणत, "बाबूजी, ते गिलासाचं सांगा." मी सांगायचो. टाळ्या पडायच्या. ज्याचा अपमान झाला तो कोणाचा अपमान करणारच नाही, असं मी स्वतःबद्दल धरून चाललो होतो.

कमलाबाई गेल्यावर जेवण गेलं नाही. उन्हाचं कारण शोधलं, तिच्या पाटीचं, घाईचं. शेवटी बायकोला सांगितलं. वाटलं, ती समजूत घालेल.

"मले तं रोजच दिसते," ती म्हणाली. "तुमी नेहमी वरूनच देता. तिनं आता बोलून दाखवलं, एवढंच."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी आयकलं असतं?"

रोज. म्हणजे हात त्या एका दिवशी चुकला नव्हता. माझ्यात दिवाणजी राहत होता आणि मी त्याला पोसत होतो. जीव नकोसा झाला. स्वतःच्या हाताकडं पाहवेना.

पौर्णिमेला विहारात पुन्हा तीच फर्माईश झाली. उभा राहिलो आणि कमलाबाईचं सांगितलं. सगळं. कोणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारबा म्हणाले, "कायले सांगून राहिला बाबू लोकाईत? इज्जत जाते ना."

"जाऊ द्या," मी म्हणालो. "यापुढं हेच सांगीन."

पण विहारात बोलणं सोपं होतं. ऐकायचा हक्क जिचा होता ती तिथं नव्हती. दुसऱ्या दिवशी तिच्या वस्तीत गेलो. ती अंगणात भांडी घासत होती. बसा म्हणाली नाही. हातही थांबवला नाही. मी उभ्यानंच बोललो.

"कमलाबाई, ऊन नव्हतं, घाई नव्हती. मी तुमाले माह्याहून हलकं समजलो. रोज समजलो. तुमी माफ करा का नोका करू. माहं चुकलं."