फाडलेलं पहिलं पान

बोईसरच्या आमच्या कारखान्यात जवळच्या मुरबे या किनाऱ्यावरच्या गावचा एक फिटर माझ्या हाताखाली होता. नऊ वर्षं ठेकेदाराकडे काढल्यावर त्या महिन्यात त्याचं नाव परमनंटच्या यादीत आलं होतं. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला एका गाजलेल्या कादंबरीची गोष्ट सांगायचो. राष्ट्राध्यक्षाला मारायला निघालेला भाड्याचा मारेकरी आणि त्याच्या मागावरचा साधा पोलीस. तिच्यावरचा जुना सिनेमा आणि पुढे निघालेला नवा, दोन्ही मी पाहिले होते.

"सायब, पिक्चर नको. पुस्तक द्या. पिक्चरमदी आपल्याला डोकं लावायला कुटं मिलतं?"

मी मराठी अनुवाद दिला. पहिल्या पानावर माझं नाव होतं.

कुठलीही गोष्ट समजून घ्यायची तर फिटर आधी ड्रॉइंग काढतो. त्याने कादंबरीतली खिडकी, चौक, व्यासपीठ, अंतर आणि गोळीची तुटक रेघ असं सगळं काढून दाखवलं.

"मदी झाड हाय. लाइन बसत नाय."

"लेखकाला अक्कल शिकवतोस?"

"पायपाला झाड आडवं आलं तं तुमी मला सोडाल काय?"

आम्ही दोघं हसलो. ते ड्रॉइंग त्याने टाकीच्या कामाच्या जुन्या परमिटमागे काढलं होतं, हे तेव्हा मला खटकलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात नव्या शेडच्या उद्घाटनाला मंत्री यायचे होते. गेटवर फिटरच्या डब्याची पिशवी तपासताना तो कागद सापडला. एका बाजूला आमच्या टाकीचं परमिट, शिक्क्यासकट. दुसऱ्या बाजूला व्यासपीठ आणि रेघ.

सुरक्षा अधिकाऱ्याने मला बोलावलं. फिटर हसतच म्हणाला, "सायबांना इचारा. गोष्टीतलं हाय ते. पुस्तक माज्या लॉकरमदी हाय."

पुस्तक आणायला मीच गेलो. लॉकरपाशी कुणी नव्हतं. मी पहिलं पान फाडलं, चुरगाळून खिशात घातलं आणि पुस्तक आणून टेबलावर ठेवलं.

"हे तुमचं आहे?" अधिकाऱ्याने मला विचारलं.

"नाही. मी असलं वाचत नाही." तेवढ्यावर थांबलो असतो तर नुसता भित्रा ठरलो असतो. पण मी पुढे म्हणालो, "हा मात्र सारखा बंदुकांबद्दल विचारत असतो."

फिटरने पुस्तक उघडून पाहिलं, मिटलं आणि पुन्हा एक शब्द बोलला नाही. पोलिसांनी दिवसभर बसवून त्याला सोडलं. गेटपास मात्र कायमचा गेला आणि यादीतलं नावही. वर्षाअखेरीला मला बढती मिळाली.

सहा वर्षांनी, या मार्गशीर्षात, मी मुरब्याला गेलो. तो भावाच्या होडीजवळ जाळं सांधत बसला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"ऱ्हावद्या. पान फाडल्यालं मना तवाच दिसलं. शिवनीला तुकडा ऱ्हायलेला."

"मग बोलला का नाहीस?"

"मी बोललो असतो तं दोगंबी गेलो असतो. तुमची पोरगी बारावीला व्हती."

मी चपला काढून त्याच्यासमोर वाळूत बसलो.

"त्या पुस्तकाची शेवटची पानं माजी वाचायची ऱ्हायली," तो जाळ्यावरची नजर न हलवता म्हणाला. "मारतो काय तो त्याला?"

"नाही. नेम चुकतो."

"बोललो व्हतो तुमाला," तो म्हणाला आणि दातांनी दोरा तोडला.