मयुरीचा सकाळचा ग्लास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा एवढं वगळूनच बोलतो. मग तुम्हाला का? — ठाऊक नाही. तुम्ही माझ्या घरी येणार नाही, म्हणून असेल.

माझी धाकटी मुलगी मयुरी. तिला थॅलेसेमिया आहे. आईबापाकडून येणारा जन्माचा आजार — अंगात रक्त पुरेसं तयार होत नाही, म्हणून दर काही आठवड्यांनी पनवेलला नेऊन चढवावं लागतं. त्या बाहेरच्या रक्तातलं लोह अंगात साचत जातं. ते काढायला रोज सकाळी गोळी, उपाशीपोटी, पाण्यात विरघळवून. मयुरी ते पांढरं पाणी आइस्क्रीमच्या प्लास्टिकच्या चमच्यानं ढवळायची, प्यायची, मग तळाला राहिलेल्या गाळात पुन्हा पाणी घालून तेही प्यायची. तिला कधी आठवण करून द्यावी लागली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे बोललो ते याच पोरीबद्दल बोललो.

आम्ही पेणच्या खाडीकडची माणसं. वडील मिठागरावर होते, मी डंपर चालवतो. मोठ्या प्राचीची सोयरीक चौलला ठरली. आमच्यात सोयरीक ठरली की दोन्हीकडच्या बायका वर्दी न देता येतात-जातात, थेट चुलीपर्यंत. एका सकाळी विहीणबाई अशाच आल्या. मयुरी ओट्याशी ग्लास घेऊन उभी.

"काय गो पोरी, दूध हाय का ताक?"

ती तोंड उघडणार, तेवढ्यात मीच म्हणालो, "पित्ताचा औषध हाय. दुसरा काय न्हाय."

"एवढ्याशा पोरीला पित्त? बापावर गेलीय मंग!"

सगळे हसले. मीही हसलो. आणि मनात — हो, बापावरच गेलीय. अर्धा दोष माझ्याच अंगातून गेलाय तिच्यात.

घाबरायचं काय होतं? प्राचीची तपासणी आधीच झालेली. तिच्यात काही नव्हतं. व्याह्यांना समोर बसवून दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण 'रक्तात खोट' हा शब्द एकदा मांडवात शिरला की तो कोण बाहेर काढणार — असं मला वाटलं. माणसांपेक्षा मी त्या शब्दाला भ्यायलो.

त्याच दिवशी मी गोळ्यांचा डबा फळीवरून उचलला आणि डंपरच्या केबिनमध्ये ठेवला. घरी सांगितलं, डॉक्टर म्हणाले, लग्न होईपर्यंत बंद ठेवा, चालतं. माझ्या तोंडून डॉक्टरांचं नाव आलं — बायकोनं कशाला शंका घ्यावी? मयुरीनं तरी का घ्यावी? पोर उलट खूश झाली. म्हणाली, "म्हणजे सकाळी सकाळी भाकर खायला मोकळी!"

डबा माझ्याबरोबर माणगावपर्यंत खेपा करत राहिला. साखरपुडा झाला, हळद झाली, लग्न झालं. मग प्राचीचे पहिले सण आले, सोयरे पुन्हा घरात. मी डबा काढलाच नाही; मयुरीनं विचारलं तर म्हणायचो, डॉक्टर अजून थांबा म्हणतात. पनवेलला नर्स विचारायची, गोळ्या चालू आहेत ना? मयुरी आत कॉटवर असायची. मी मान हलवायचो.

मग एकदा डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. लोह फार वाढलं होतं, हृदयापर्यंत पोचलं होतं. त्यांनी मयुरीला विचारलं, "गोळ्या घेत नाहीस का?"

"पण तुम्हीच तर —"

मी तिचं वाक्य तोडलं. कसं सांगू? तोडलं. म्हणालो, "ऐकत नाही हो. चव आवडत नाही म्हणून मोरीत ओतून टाकते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. डॉक्टर तिला बराच वेळ रागावले आणि ती ऐकून घेत राहिली. एकदाही म्हणाली नाही की बाबा खोटं बोलतायत. का नाही म्हणाली? मी आजही तिला विचारू शकत नाही.

परतताना गाडीत तिनं एवढंच विचारलं, "बाबा, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंच नव्हतं ना?"

मी म्हणालो, "काच वर कर, धूळ येतेय."

तिनं काच वर केली.

घरी येऊन तेच खोटं मी बायकोलाही सांगितलं. लग्न झाल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून डबा मी परत हिच्याच हातात दिला होता, ही चोरून मोरीत ओतत राहिली — असं. मयुरी दारात उभी राहून ऐकत होती.

आता गोळीच्या जोडीला पोटाला सुई लावून लोह काढायचं औषध सोडणारा पंप आहे. सुई टोचताना बायको अजून म्हणते, "तेव्हा मोरीत ओतली नसतीस तर आज ही सुई लागली असती का गं?" मी तिथंच असतो, मोबाइलमध्ये बघत. मयुरी आता कॉलेजात जाते, तरी रोज सकाळी तिची आई ओट्याशी पहारा देते. मयुरी ढवळते, पिते, गाळात पाणी घालून तेही पिते, आणि ग्लास उपडा करून आईला दाखवते. माझ्याकडे बघत नाही.

तिनं एकही ग्लास कधी मोरीत ओतला नव्हता. हे तिच्यासमोर, तिच्या आईला, मला अजून सांगायचं आहे.