दमलेलं सैन्य

आमचे शिंपीमामा गिऱ्हाइकांच्या पँटी ढिल्या करतात, तसा गेमही ढिला करू पाहतात. त्यांच्या लढाईच्या गेममध्ये सैनिक जरा चालले की दमून बसायचे आणि तेवढ्यात मामांचा किल्ला पडायचा. एकदा तरी किल्ला राखायचाच, म्हणून मामांनी सेटिंगमध्ये शिरून थकवा शून्यावर आणला. सैन्य सुसाट सुटलं. मामा मिशीत हसले.

"अहो, शत्रू दारात आला की!" मामी ओरडल्या.

"इतक्या लवकर?"

"त्यांचाही थकवा तुम्हीच काढलात ना!"

किल्ला पडला. मामांनी चिडून थकवा दुप्पट केला. आता दोन्ही सैन्यं वाटेतच फतकल मारून बसलेली असतात, किल्ला शाबूत आहे आणि मामा निवांत काजं करतात.