मार्चमधला मंगळ

आमच्या ह्यांची आत्या, रत्नाबाई, आमच्याकडेच राहायच्या. कल्लाप्पा गवळ्याला आधी त्याचंच दूध प्यायला लावायच्या, भाजीवालीच्या तराजूखाली हात फिरवून बघायच्या. दर गुरुवारी आमच्या गुरुस्वामींच्या, रायरांच्या मठात जायच्या, पण तिथंही एक डोळा बाहेरच्या चपलांवर.

१९५८ साली आमच्या मुलीचं, क्षमाचं लग्न जुळत आलं होतं. मुलगा सुधींद्र, जवळच्याच के. आर. पुरम गावचा. पत्रिका जमल्या होत्या, रविवारी त्याचे आईवडील शेवटचं बोलायला येणार होते. आणि क्षमा नळावर मैत्रिणींना हसत हसत सांगून आली, "मी मार्चमधली ना, मास्तर म्हणाले, माझा महिना मंगळाचा!"

मास्तर म्हणजे शेजारचे हयवदनराव. तिला इंग्रजी शिकवायचे.

रत्नाबाईंच्या हातातली फुलवात तशीच राहिली. मंगळ म्हणजे कुजदोष. पोरीच्या पत्रिकेत नसलेला मंगळ ह्या मास्तरानं आणला कुठून?

"त्याची भाची वसुमती लग्नाची आहे ना? बघ गं, स्थळ तिकडं वळवतोय."

मला पटेना. पण त्या दिवसापासून मीही वसुमतीच्या नव्या साडीकडं जरा जास्तच बघू लागले.

मास्तर दारात दिसताच रत्नाबाईंनी गाठलं. "काय हो, मार्चमध्ये मंगळ कुणी घातला?"

"रोमच्या लोकांनी, अक्का. मार्स हा त्यांचा युद्धाचा देव. मंगळ ग्रहालाही तेच नाव. आपल्या युगादीसारखं त्यांचं वर्षही पूर्वी मार्चपासून सुरू व्हायचं."

"आणि जानेवारीत कोण बसलाय?"

"जेनस, दाराचा देव. त्याला दोन तोंडं."

"दोन तोंडांचे इथंही आहेत," म्हणून त्या आत निघून गेल्या.

रविवारी पाहुणे आले. नळावरची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलीच होती. सुधींद्रच्या आई कौशल्याबाईंनी उप्पिट्टाची बशी नुसती हातात धरून ठेवली.

"मुलीला मंगळ आहे म्हणे. मास्तरांनीच सांगितलं. लपवलंत का?"

मी मनात रायरांचा धावा केला. आमचे हे मास्तरांना बोलवायला उठले, तर रत्नाबाईंनी हातानंच बसवलं.

"तुमचा मुलगा कुठल्या महिन्यातला?"

"मार्चमधला. का?"

"मग तोच मंगळ त्यालाही! दोघांनाही असला की दोष राहत नाही. विचारा तुमच्या पुरोहितांना."

"अहो, त्याला कसला मंगळ? इंग्रजी महिन्यानं कुठं मंगळ लागतो?"

"सरी, बरं तर. मग आमच्या पोरीलाही नाही."

कौशल्याबाईंचे यजमान मोठ्यानं हसले. "खा आता ते उप्पिट्टू, गार झालं."

लग्न ठरलं. संध्याकाळी हयवदनराव अभिनंदन करायला आले. रत्नाबाईंनी त्यांच्या हातावर साखर ठेवली, चौकशी केली, दारापर्यंत सोडलं. मग कडी लावून माझ्या कानाशी आल्या.

"मुहूर्त कुठल्या महिन्यातला ते त्याला सांगू नकोस हं. तिथंही कुणाला तरी आणून बसवील."