काहिलीची चौथी कडी

दर हिवाळ्यात आक्काकडून मला आंबेहळदीची पुरचुंडी यायची. कुणी येणारा-जाणारा असला तर त्याच्या हाती, नाहीतर भाऊबीजेला ती स्वतःच माझ्या पिशवीत टाकायची. पायाला उगाळून लाव म्हणायची, थंडीचा ठणकत असेल. कित्येक वर्षं मी ती हळद घेत आलो. पाय माझा कधीच दुखला नव्हता. एवढं एक वाक्य कागदावर यायला माझं निम्मं आयुष्य गेलं. आता आलंच आहे, तर बाकीचंही सांगतो.

लढाई संपली आणि मी गावी परत आलो. आमचं गाव कृष्णाकाठचं, पण खरा घोर नदीचा नव्हता, ओढ्याचा होता. नदी फुगली की तिचं पाणी ओढ्यातून मागं चढतं आणि पलीकडची मळी, म्हणजे काठची सखल रानं, तोडून टाकते. त्या मळीच्या वस्तीत माझी थोरली बहीण, आक्का, दिलेली. ओढ्याच्या अलीकडं सातारा जिल्हा, पलीकडं सांगली संस्थान. मी नव्हतो त्या साली वस्तीवरची माणसं माळ्यावर बसून राहिली होती आणि अलीकडचं गाव काठावर उभं राहून त्यांच्याकडं बघत होतं. गावाला होडी एकच, तीही नदीपार माणसं नेणाऱ्या ठेकेदाराची, ऐन वेळी कुठल्या काठाला असेल ते सांगता येत नसे.

म्हणून चावडीत म्हातारी माणसं म्हणाली, यंदा आधीपासून बंदोबस्त करायचा. आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

ह्यात गावाची चूक नव्हती. मी होतो ती पलटण पूल बांधणारी होती. ब्रह्मदेशात तिनं मोठमोठ्या नद्यांवर पूल टाकले होते. गावानं आपला हिशेब केला, पुलाच्या पलटणीतला गडी म्हणजे पाण्यातला गडी. पण मी त्या पलटणीच्या भांडारात होतो. दोर, ताडपत्र्या, खिळ्यांच्या पेट्या सांभाळायच्या, कोरड्या ठेवायच्या. नद्या मी पाहिल्या त्या लॉरीच्या फळीवर बसून. लहानपणी डोहात एकदा नाकातोंडात पाणी गेलं, आईनं पुन्हा नदीवर पाठवलं नाही, आणि मोठा झाल्यावर माझा मीच गेलो नाही. मला पोहता येत नव्हतं. चावडीत ते सांगायला एक श्वास पुरला असता. पण मी परत आलो तेव्हापासून गाव मला हवालदार म्हणत होतं, मी हवालदार नसताना. ते नाव मला गोड लागत होतं. मी गप्प बसलो.

कामाला मात्र मी मनापासून लागलो, हेही खोटं नाही. आमच्याकडं पुरात होडीचं काम काहील करते. काहील म्हणजे गुऱ्हाळातली रस आटवायची लोखंडी कढई, आत चार-पाच माणसं मांडी घालून बसतील एवढी. तिच्या काठाला चार कड्या असतात. पट्टीचे चौघे चार कड्या धरून पोहतात आणि तिला ढकलत नेतात. वल्हं नाही, सुकाणू नाही. गोल असल्यामुळं ती गरगर फिरायला बघते. चौघांचे पाय एका लयीत पडले तरच ती सरळ चालते. हे सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. पण पाणी चढलं की लोक गुऱ्हाळाकडं धावायचे, आणि तिथं काहिलीत वैरण भरलेली असायची, नाहीतर तिच्या बुडाला भोक असायचं. इथं माझं भांडार कामाला आलं. ज्येष्ठातच चार गुऱ्हाळांच्या काहिली ओढ्याकाठच्या छपरात आणून पालथ्या घातल्या. मोटांचे जुने नाडे गोळा करून, एकाला एक जोडून, मी एक लांब दोर केला.

माणसं जमवली ती पैऱ्यावर. पैरा म्हणजे आज तू माझ्या भांगलणीला ये, उद्या मी तुझ्या. माणसाला माणूस, बैलाला बैल. कुठं लिहून ठेवत नाहीत आणि कुणी विसरत नाही. पुराच्या दिवसांत चौघे ओढ्यावर बसले, तर त्यांचं तण दुसऱ्या चौघांनी काढायचं, असं ठरलं. घरटी एक गडी. फुकट कुणी राबतोय असं कुणाला वाटलं नाही, आणि उपकार करतोय असंही कुणाला वाटलं नाही. आजही त्या गोष्टीचं मला बरं वाटतं.

काहिलींची ठिगळं बघायला मिस्त्री होता. गावातल्या मुसलमान कारागिरांच्या घरातला, माझ्यापेक्षा दोन-चार पावसाळे मोठा. पत्र्याला रिबिट मारावी तर त्यानंच. एका म्हाताऱ्यानं शंका काढली की काहील पलीकडं नेली तर संस्थान काय म्हणेल. मिस्त्री हातोडा न थांबवता म्हणाला, "बुडणाऱ्याला इचारून बघू, त्यो काय म्हणतोय."

नदीच्या डोहात आम्ही सराव केला. आम्ही म्हणजे त्यांनी. मी काठावर शिट्टी घेऊन उभा. हवालदार पाण्यात उतरत नाही, काठावरनंच हुकूम सोडतो, गोऱ्या सायबाची सवय लागलीय, असं पोरं हसत बोलायची. मी तेही चालवून घेतलं.

पूर आला तो श्रावणात, भर उन्हात. वर साताऱ्याकडं, घाटात, पाऊस कोसळत होता आणि आमच्याकडं लख्ख ऊन. निळ्या आभाळाखाली ओढा उलटा वाहायला लागला. सकाळी पाणी बाभळींच्या बुडाला होतं, जेवणवेळेला शेंड्याला भिडलं. पलीकडून घराच्या माळवदावर कुणीतरी लुगडं हलवत होतं. घर माझ्या बहिणीचं होतं. तिचा नवरा बैलं घेऊन वर गेला होता. घरात ती आणि तिची सासू.

दोन काहिली वरच्या अंगाला गेल्या होत्या, तिसरी माणसं आणत होती. घरटी गड्याच्या हिशेबानं चौथीवर त्या दिवशी आमच्या घराची पाळी होती. तिचे तिघे कड्या धरून कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. चौथी कडी माझी.

मी सदरा काढला. पाण्यात पाय घातला. पाणी गार नव्हतं, पण ते पायाखालची माती खेचत होतं. बहीण समोर दिसत होती. तिच्या हातातलं लुगडं मला ओळखू येत होतं, मीच पलटणीतून पैसे धाडून घेतलेलं. आणि तरी माझा दुसरा पाय उचलला नाही. मी दगडावर बसलो, घोटा धरला आणि म्हणालो की मुरगळला.

मिस्त्रीची त्या दिवशी पाळी नव्हती. ठिगळ गळालं तर भरायला तो डांबर आणि तागाच्या चिंध्या घेऊन आला होता. तो खाली बसला, माझा घोटा त्यानं अंगठ्यानं दाबून बघितला, रिबिट बसली का बघतो तसा. मग माझ्या तोंडाकडं बघितलं. त्याला कळलं. मी बघितलं की त्याला कळलं.

"नाडा धर," तो म्हणाला. "ढिला सोडत ऱ्हा. वडू नगंस."

एवढंच. टोपी काढून त्यानं दगडावर ठेवली आणि चौथी कडी धरली.

मी नाडा सोडत राहिलो. जाताना काहील ठीक गेली. माळवदावरून सासूला उतरवली, मग आक्का, मग आक्कानं एक शेळीही आत घेतली, तिच्यावरून पलीकडं बरीच बोलाचाली चाललेली ऐकू येत होती. परत येताना मधोमध एक उन्मळलेली बाभूळ वाहत आली. तिघे एका बाजूला सरले. मिस्त्री सरला असता तर काहील कलंडली असती. त्यानं कडी सोडली नाही. खोड काहिलीवर आपटलं आणि पुढं गेलं. काहील एकदा स्वतःभोवती फिरली, पण पालथी झाली नाही.

काठाला आले तेव्हा त्याच्या डाव्या हाताचं एक बोट कडी आणि खोड यांच्यात सापडून चेंगरलं होतं. ते बोट पुन्हा कधी वाकलं नाही.

आणि आक्का? ती काहिलीतून उतरली, ओल्या लुगड्यानं, आणि पहिल्यांदा माझ्यापाशी आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की भावाचा पाय मुरगळलाय तरी उभा राहून दोर धरलाय. ती खाली बसली. माझा चांगला पाय मांडीवर घेतला. पाणी ओसरेपर्यंत ती आमच्याच घरात राहिली आणि रोज आंबेहळद उगाळून, गरम करून लावत होती. मी रोज कण्हत होतो. ओसरीवर मिस्त्री यायचा, बोटाला चिंधी बांधलेली, आणि तिला म्हणायचा, हळद जरा जाड लावा, मुका मार वाईट. त्यात टोमणा होता की दया होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यानं गावात तोंडातून एक शब्द काढला नाही.

उन्हाळा आला. एक दिवस तो घरी येऊन उभा राहिला.

"हवालदार, माजा एक पैरा हाय तुज्याकडं."

मी म्हणालो, आहे. सांग कुठल्या रानात यायचं.

"मला कुठलं आलंय रान? मी पाण्यात दिलाय, पाण्यातच घीन. यंदाच्या पुरात माजी पाळी तू करायची."

पहिल्यांदा, तीस वर्षांचा बाप्या, मी ते बोललो. "मला पवाया येत न्हाई."

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "म्हणूनशान तर आत्ता उन्हाळ्यात आलुया. उद्या सकाळी डोहावर ये. भोपळं मी आणतो."

आमच्याकडं पोरं पोहायला शिकतात ती पाठीला वाळके भोपळे बांधून. दुसऱ्या दिवशी डोहात सात-आठ वर्षांची पोरं, आणि त्यांच्यात मिशीवाला मी, पाठीवर दोन भोपळे. धुणं धुणाऱ्या बायका पिळे हातात धरून बघत राहिल्या. गावाला सगळं कळलं. कुणीतरी वरून ओरडलं, "हवालदार, पूल कुठवर आला?" मला वाटलं होतं मी शरमेनं मरेन. मेलो नाही. त्यापेक्षा हलकं वाटलं. मिस्त्री माझ्या हनुवटीखाली तळहात धरून होता, ते न वाकणारं बोट माझ्या गळ्याला टोचत होतं. एके दिवशी त्यानं भोपळे सोडले आणि ते मला सांगितलंही नाही.

त्या पावसाळ्यात मी त्याची पाळी केली. मोठं काही घडलं नाही. वैरणीचे भारे आणले आणि एक म्हातारा आणला, जो काठ येईपर्यंत आम्हा चौघांना शिव्या देत होता की काहील हलवता कशाला. ती शिवी ऐकताना मला जेवढं समाधान झालं तेवढं आयुष्यात थोड्याच वेळा झालं असेल. बाहेर आलो तेव्हा काठावर मिस्त्री उभा होता. "फिटला," म्हणाला, आणि घरी गेला.

त्याच्या लेखी फिटला. पोहता येत नाही हे गावानं बघितलं होतं, पण मुरगळलेला पाय खोटा होता हे त्याच्या नि माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. गावात कुणी बोटाचं विचारलं तर तो म्हणायचा, हातोडा उजव्या हातात असतोय. मी मात्र दरसाल हळद घेत राहिलो. आक्काच्या घरी गेलो की उंबरा चढताना पाय जरा जपून टाकत राहिलो. भाऊबीजेला ओवाळताना ती मुला-नातवंडांना सांगायची, ह्या भावानं मोडक्या पायानं दोर धरला म्हणून तुमी हाय. आणि मी पाटावर बसून खाली बघायचो. मुलांना वाटायचं मामा लाजतो.

गेल्या भाऊबीजेला तिनं पुरचुंडी पुढं केली आणि माझा हात पुढं झाला नाही. मी म्हणालो, आक्का, माझा पाय मुरगळलाच नव्हता. मी भ्यालो होतो. चौथी कडी माझी होती, ती मिस्त्रीनं धरली, त्याचं बोट माझ्यापायी गेलं.

तिनं निरांजनातली वात सारखी केली. मग पुरचुंडी उचलून तिनं बाजूला ठेवली.

"मग एवढी हळद कुटं गेली रं?"

मी म्हणालो, कालवणात.

तिला हसू आलं, मग डोळ्यांना पदर लावला, मग पुन्हा हसू आलं. रागावली नाही असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी तिनं मला दुसऱ्यांदा वाढायला विचारलं नाही. निघताना दारात आली आणि म्हणाली, "पुढल्या बीजंला त्याला घिऊन ये. तुला न्हाई यायचं तर तू नगंस यिऊ. त्याला घिऊन ये."

यंदा आम्ही दोघं गेलो. मिस्त्री वाटेत दोनदा म्हणाला, गड्या, मला हे जमायचं नाही, मी बाहेर बसतो. आक्कानं दोन पाट मांडले होते, भोवती रांगोळी. पहिला पाट त्याला दिला. ओवाळताना डोकं झाकलेलं लागतं. त्याच्या डोक्यावर टोपी होतीच, घाईत मीच बोडका आलो होतो. आक्का तबक हातात धरून थांबली. मिस्त्रीनं खांद्यावरचा पंचा काढला, त्या ताठ बोटाच्या हातानं माझ्या डोक्यावर टाकला, आणि समोर बघून नीट बसला.