सुकलालचा ढोलकीवाला

शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावर सुकलाल राहतो. आज तो कोरडवाहू ज्वारी पिकवतो आणि मोहाची फुलं वेचतो. पण एके काळी हा गडी अख्ख्या पट्ट्यातला पहिल्या नंबरचा सोंगाड्या होता. पेट्रोमॅक्सच्या उजेडात तोंडाला पिवडी फासून तो नुसता वाकून उभा राहिला, तरी बाया पदरात तोंड खुपसून हसायच्या. तलाठी म्हणू नका, कंडक्टर म्हणू नका, सासू म्हणू नका, त्याच्या नकलेतून कुणी सुटलं नाही. त्याच्या मागं मांडी घालून ढोलकी वाजवायचा पुन्या. सोंगाड्यानं एक वाक्य टाकायचं आणि गप्प उभं राहायचं. मग ढोलकीवर थाप पडायची आणि पुन्या विचारायचा, "मंग काय व्हयनं?" त्या सवालाशिवाय पुढचं वाक्य नाही, हा त्यांच्या सोंगाड्या पार्टीचा रिवाज. वीसेक वर्षं दोघांनी तो पाळला.

पुढं सुकलालनं येशूला आपलं मानलं, दारू सुटली, हळूहळू पार्टीही सुटली. रिवाज मात्र हाडात मुरला होता आणि त्यानंच घोटाळा केला.

मंडळीत, म्हणजे रविवारी प्रार्थनेला जमणाऱ्या ख्रिस्ती लोकांत, साक्ष द्यायची असते. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं, ते चार माणसांसमोर उभं राहून सांगायचं. सुकलाल पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा सगळे सरसावून बसले. एवढा मोठा कलाकार! सुकलालनं छाती भरून वाक्य टाकलं, "मी पहिल्यांदा प्रार्थनेला आलो, तो आपल्या पाळकांची नक्कल करायला!"

आणि थांबला. ढोलकीची वाट बघत.

ढोलकी कुठली! लोक एकमेकांकडं बघू लागले. प्रार्थना चालवणारे पाळक प्रेमराजभाऊ भला माणूस. त्यांना वाटलं, बिचाऱ्याचं एवढंच होतं. ते घाईनं "आमेन" म्हणाले आणि गाणं सुरू झालं. दुसऱ्या वेळी तेच, तिसऱ्या वेळीही तेच. शेवटी मंडळीत कुजबूज झाली, की हा अजून नक्कलच करतो आहे. सुकलालनं प्रार्थनेला हात वर केले की शेजारचे डोळे किलकिले करून बघायचे.

घरी त्याची बायको बुधीबाई हसून लोळायची. "दुनियाले सांगाले निंघनात, आन एक वाक्यना पुढे गाडी जात नही!"

पण सुकलालच्या मनात खरी सल वेगळीच होती. मंडळीचं काय, ती आधीच विश्वासातली. जे आपल्याला मिळालं ते पुन्याला सांगितलं नाही, तर आपण कसले दोस्त? पुन्याचं घर कुंपणापलीकडं. शेळ्यांवर बोलणं व्हायचं, पावसावर व्हायचं. सुकलाल येशूचं नाव काढायला जायचा आणि त्याचा आवाज आपोआप चढायचा, हात आपोआप पसरायचे. पुन्या विडी शिलगावून म्हणायचा, "सुक्या, मना पुढे सोंग नको करू. मी तुले मांगून दखेल शे." संपलं! बाकी जगाला सुकलालचा चेहरा माहीत होता. पुन्याला पाठ माहीत होती.

यंदा नाताळचा मेळावा सोनगीरला ठरला. प्रेमराजभाऊ अवघडत म्हणाले, "सुकलालभाऊ, साक्ष द्या. पण या वेळी तेवढी पूर्ण करा." सुकलालला जेवण जाईना. बुधीबाईनं दोन दिवस बघितलं, मग पदर खोचला आणि कुंपणापलीकडं गेली.

मेळाव्याच्या दिवशी एस.टी.त पुन्या ढोलकी मांडीवर घेऊन बसलेला पाहून सुकलालचं तोंड उघडंच राहिलं.

"मी प्रार्थनाले नही," पुन्या खिडकीबाहेर बघत म्हणाला. "वयनी बोलनी, गडी उघडा पडी राह्यना. मी फक्त ढोलकीले येस."

सोनगीरच्या किल्ल्याच्या पायथ्याला मांडव टाकला होता. केशरी भात शिजत होता, पोरी नाताळचा कागदी तारा चिकटवत होत्या. सुकलाल उभा राहिला. "मी पहिल्यांदा प्रार्थनेला आलो, तो आपल्या पाळकांची नक्कल करायला!"

तो थांबला. प्रेमराजभाऊंचा हात माइककडं निघालासुद्धा. तेवढ्यात मागून थाप पडली, कडक, जुन्या जत्रेतल्यासारखी.

"मंग काय व्हयनं?"

सुकलालच्या अंगात वीज गेली. झालं! पाळकांचे हातवारे टिपायला तो दर रविवारी मागं कसा बसायचा, घरी बुधीबाईपुढं कसे करून दाखवायचा, पाळक त्याचा डाव ओळखूनही प्रत्येक वेळी डाळ-भात कसा वाढायचे, सगळं आलं. मांडव हसून हसून वाकला. स्वतःची नक्कल पाहून प्रेमराजभाऊंनी डोळे पुसले.

मग पुन्यानं थाप दिली नाही. नुसतंच विचारलं, "तुना देवनी तुले काय दिधं? शेत? पैसा?"

हा सवाल ठरलेला नव्हता.

"नही," सुकलाल म्हणाला.

"मंग पार्टी सोडीसन तठे कसाले गया?"

सुकलालचे पसरलेले हात खाली आले. आवाजही उतरला, जसा घरात निघतो, तसा निघाला. "एका रविवारी मला उशीर झाला. दाराबाहेर उभा होतो. आत प्रार्थना चालू होती आणि पाळक माझं नाव घेत होते. 'आमच्या सुकलालला सांभाळ.' मी त्यांची टिंगल करतो, हे माहीत असून! पुन्या, लोकांनी मला खूप टाळ्या दिल्या रे. पण रंग पुसल्यावर माझं काय होतं, हे देवाला विचारणारं कुणी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. ज्याच्यापाशी ते विचारत होते, त्याला भेटायला मी आत गेलो. तो आतच राहिलो."

या वेळी "आमेन" म्हणायची घाई कुणी केली नाही. पुन्या ढोलकीच्या वादीशी चाळा करत बसला होता. 'सोंग नको करू,' असं तो म्हणाला नाही.

भात झाला, भेटीगाठी झाल्या. परतीची एस.टी. तापी ओलांडत होती, तेव्हा पुन्यानं खाकरून घसा साफ केला.

"सुक्या, तो पाळक मनं नाव बी लेस का रे?"

"पाळक तुले वळखत नही. मी लेस. रोज."

"खोटं नको बोलू."

पुढच्या सीटवरून बुधीबाई वळली. "खरं शे, भाऊ. रोज ऐकस मी. तुमना नावपायी आमनं जेवण थंड व्हई जास!"

पुन्या हसला. मग खिडकीतून पुलाखालचं पाणी बघू लागला. ढोलकीवर दोन बोटं हलकेच आपटून, सुकलालकडं न बघता म्हणाला,

"मंग?"

सुकलाल सरकून त्याच्या जवळ बसला आणि सांगू लागला, घरातल्या आवाजात.