चावणारा दरवाजा

आमच्या पूनम सागर सोसायटीत कुणालाही विचारा, मी बटणाकडे नुसतं रोखून पाहिलं तरी पंखा फिरायला लागतो. जन्मभर वायरिंग केलंय. आकाशातली वीजसुद्धा आमच्या गच्चीवरून जाताना मला रामराम घालून जाते. माझ्यावर विश्वास नसलेली या पृथ्वीवर एकच बाई, ती म्हणजे उत्तनची माझी सासू.

सासूबाईंनी घरामागे मासळीसाठी कोल्ड रूम बांधली. एके दिवशी त्यांचा फोन आला.

"जावयबापू, दरवाजा चावतो हाय."

"दात कधी आले त्याला?"

"हसू नका. बायका कडीला हात लावीत न्हाय. होड्या दर्यावर गेल्यात. उद्या म्हावरा आला की ठेवू कुठं, तुमच्या डोक्यावर?"

जावई पोचला म्हटल्यावर अर्धं उत्तन गोळा झालं. निदान मला तरी तसंच वाटलं. मी ऐटीत कडी धरली. काही नाही. वीज मोजायच्या मीटरची एक वायर दरवाज्याला, दुसरी आतल्या जमिनीतून वर आलेल्या सळईला लावली. शून्य.

"हा दरवाजा चावत नाही," मी जाहीर केलं. "गाय आहे गाय."

"मंग आमी काय खोटं बोलतो?" टोपली घेऊन उभी असलेली एक मावशी फणकारली.

सासूबाई नुसत्या दाराकडे बघत राहिल्या. ते पाहून माझा आवाज आपोआप खाली आला. उद्या यातली एखादी बाई शॉक बसून दाराला चिकटून राहिली तर?

चहा आला. कपातून वर पाहिलं तर दारासमोरच्या ओल्या मातीत चपलांची ही रांग! नारळ फोडून खोली सुरू केली त्या दिवसापासून चपला बाहेर काढल्याशिवाय कुणी आत जात नव्हतं. पायात काही असलेला सगळ्यांत मी एकटाच, आणि तेही जाड रबरी तळव्याचे बूट. सासूबाईंनीच हुकूम सोडला होता, जावयाला बूट काढायला लावू नका म्हणून.

मी बूट काढायला वाकलो.

"अवो, काय करता? लोक काय म्हणतील, जावय अनवाणी!" सासूबाई ओरडल्या.

मातीत उभा राहून मी कडीला उलटा हात लावला. सुलट्या हातानं धरली तर मूठ आवळते, सुटत नाही. जो उडालो, तो थेट लांबच्या गोडदेव गावातच उतरायचो. सासूबाईंनी शर्ट धरला म्हणून उत्तनातच राहिलो.

"चावला?"

"चावला."

आधी मेन स्विच बंद केला. मग कारण उलगडत गेलं. वायरमननं अर्थिंगची वायर जमिनीच्या स्लॅबमधल्या सळयांना बांधली होती. साध्या इमारतीत ते कसंबसं चालून जातं, कारण पायाचं काँक्रीट ओल्या मातीला टेकलेलं असतं. इथे थंडावा खाली झिरपू नये म्हणून स्लॅबखाली थर्माकोलचा जाड थर आणि प्लास्टिक. जमिनीवर असूनही स्लॅब जमिनीला शिवतच नव्हता. कॉम्प्रेसरच्या मोटरमधून गळणारी वीज सळया आणि दरवाजा यांत कोंडून बसली होती, आणि बाहेर मातीत अनवाणी उभं राहून कडी धरणाऱ्या बाईतून वाट काढत होती. दरवाजा आणि सळई दोघांतही तीच वीज, म्हणून मीटरला फरक दिसला नव्हता.

मोटर दुरुस्तीला काढली, तिच्या जागी दुसरी बसवली. अंगणात खड्डा खणला. त्यात लोखंडी प्लेट, कोळसा आणि मीठ. मीठ मासे खारवायचं, सासूबाईंच्या पिंपातलं. प्लेटपासून पट्टी आणून स्लॅबच्या सळया, दरवाजा, मोटर, पाइप सगळं एकमेकांना जोडलं. मीटरची एक वायर मातीत खुपसली, दुसरी कडीला लावली आणि शून्य आलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

सकाळी होड्या किनाऱ्याला लागल्या. बायका टोपल्या घेऊन दारापाशी थबकल्या. सासूबाई पुढे झाल्या, चपला काढल्या, ओल्या मातीत पाय रोवले आणि कडी धरली. चांगली घट्ट. मग मागे वळून म्हणाल्या, "चला गो, बोंबील काय पायानं चालत आत जाणार हायत?"

आता माती ओली राहावी म्हणून त्या रोज तुळशीबरोबर त्या खड्ड्यातही तांब्याभर पाणी ओततात. आणि मी गेलो की आमच्या स्वागताची रीत बदललीय. पाणी नंतर, खुर्ची नंतर.

"बापू, आधी बूट काढा. कडी धरून दाखवा. मंग चहा."